मेलेल्या सवतीची ओब्लेपिखा

फाइना मकारोव्हना लग्न होऊन तिखोनच्या घरात आली तेव्हा तिची सवत, तिखोनची पहिली बायको आवगुस्ता, जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी घरात सत्ता तिचीच होती. तळघरातल्या बरण्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, दारामागच्या खुंटीवर तिनं विणलेली पिशवी होती, आणि शहराबाहेरच्या सहा गुंठ्यांच्या बागेत तिनं लावलेली ओब्लेपिखाची सात झुडपं होती. बरण्या वर्षभरात रिकाम्या झाल्या. पिशवी उंदरांनी कुरतडली. त्यात आपला काही हात नव्हता, असं फाइना कुणी न विचारताच सांगे. झुडपं मात्र राहिली. नुसती राहिली नाहीत, दर वर्षी वाढली, आणि दर सप्टेंबरात बोट शिरायला जागा उरू नये अशी मण्याएवढ्या आंबट केशरी फळांनी लगडली.

आसपासच्या बागांची सगळी वसाहत त्यांना ‘आवगुस्ताची ओब्लेपिखा’ म्हणे. फाइनानं अकरा वर्षं त्यांच्यातली वाळकी फांदी छाटली, उन्हाळ्यात बादल्या वाहून पाणी घातलं, तरी फळं आवगुस्ताचीच.

जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. तिचाही पाव कधी करपतो, तीही कधी नवऱ्यावर खेकसते, तिच्याही कंबरेला पट्टा लागतो. आवगुस्ता चौतिसाव्या वर्षी गेली आणि चौतिसाचीच राहिली. फाइना मात्र पन्नाशीकडे निघाली होती आणि तिचे गुडघे कुरकुरत होते.

फाइना मूळची गवताळ मैदानातल्या खेड्यातली. शहरात येऊन पावाच्या भट्टीवर कामाला लागली आणि अडतिशीपर्यंत तिथेच राहिली. तिखोन ट्रक चालवायचा, मंगोलियाच्या रस्त्यानं आठ-आठ दिवस जायचा. पाव घ्यायला यायचा तेव्हा एकदा खिडकीशी उभा राहून म्हणाला, “मला बायकोची फार घाई आहे असं नाही. पण पोरगी दहा वर्षांची आहे आणि मला वेणी घालता येत नाही. शेजारणी तरी किती दिवस घालणार?” एवढ्यावर लग्न ठरलं. फाइना आली ती एक ट्रंक आणि आजीची देवमातेची तसबीर घेऊन. आजीनं ती तसबीर वाईट काळात पिठाच्या पेटीत, पिठाखाली लपवून सांभाळली होती. फाइनानं ती नव्या घरात पूर्वेच्या कोपऱ्यात मांडली, खाली दिवा लावला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पोरीची वेणी घातली. पोरीचं नाव वास्सा. तिनं आरशात बघितलं आणि म्हणाली, “आई मधोमध भांग पाडायची.”

तो पहिला दिवस. तेव्हापासून ते रोजच.

बागेतही तेच. पहिल्या वसंतात फाइना फावडं घेऊन निघाली, तिच्या गावाकडे झाड म्हटलं की आळं खोदून शेणखत. तिखोन धावत आला. “अगं, खणू नकोस! ह्याची मुळं वरच्यावर असतात. आणि खत नको त्याला. आवगुस्ता म्हणायची, ह्याच्या मुळाला बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, त्यांच्या जोरावर ते हवेतून आपलं खत आपण खातं. वर शेजारच्या रोपालाही चारतं.”

“बरं,” फाइना म्हणाली. तो वळल्यावर तिनं एका झुडपाभोवती खणलंच. ते झुडूप दोन वर्षं रुसून बसलं. पुढे तिखोन काही बोलला नाही, पण दर हंगामात त्या झुडपापाशी क्षणभर थांबायचा, आणि ते तिला शंभर शब्दांहून जास्त लागायचं.

सातातलं मधलं झुडूप उंच होतं आणि त्याला कधीच फळ धरत नसे. “सहा बायका आणि एक नवरा,” तिखोन पाहुण्यांना सांगे. ओब्लेपिखाचं असंच असतं. नर वेगळा, मादी वेगळी. नराचा पिवळा परागधुरळा वाऱ्यावर उडून जातो, मादीला फळ येतं. तो नर नसेल तर बाकीच्या सहा नुसत्या पाला मिरवणार. आवगुस्ता फळबाग संशोधन केंद्रात रोपवाटिकेत कामाला होती. सातही रोपं तिनं तिथून निवडून आणली होती, जवळजवळ बिनकाट्यांची, मोठ्या दाण्याची.

फाइनाला एकच हवं होतं: स्वतःचं एक झुडूप. एकच. पण असं की त्याच्यापुढे त्या सहा जणी फिक्या पडाव्यात.

संशोधन केंद्रातून रोप आणायची सोय नव्हती. तिथल्या बाया आवगुस्ताला ओळखत, लगेच हळहळायला लागल्या असत्या. म्हणून चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात फाइना एकटीच बसनं नदीवर गेली. नदीच्या गोट्यांच्या बेटांवर रानटी ओब्लेपिखाची जाळी माजलेली असते. तिथे तिनं एक झुडूप हेरलं, फळांनी वाकून जमिनीला टेकलेलं. त्याच्या पायाशी मुळातून फुटलेला कोंभ होता. कोंभ ज्याच्या मुळाचा, त्याच्याच जातीचा, हे शेंबडं पोरही जाणतं. तिनं त्याला डोक्याच्या रुमालाची चिंधी बांधली, देवमातेचं नाव घेतलं, आणि एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर जाऊन तो खणून आणला. लावला कुठे, तर न्हाणीघराच्या मागे, जिथे तिखोन फारसा फिरकत नसे.

कुणाला दाखवला नाही. तीच तिची चूक झाली. ओब्लेपिखाचा नर हिवाळ्यात नुसत्या कळीवरून ओळखता येतो. नराची कळी जाड आणि खवल्याखवल्यांची असते, मादीची बारीक. तिखोनला दुरून दिसली असती. पण त्यानं बघितलं असतं की लगेच म्हणाला असता, “आवगुस्ताचं ह्याच वयाचं होतं तेव्हा इतकं झालं होतं.” ते तिला ऐकायचं नव्हतं. चार वर्षं तिनं ते झुडूप असं वाढवलं की जणू सासरच्यांपासून चोरून बाळ वाढवावं. स्वतःचं मूल तिला झालं नाही. त्याबद्दल तिनं देवाशी कधी वाद घातला नाही, पण झुडपाशी ती बोलत असे.

जुनी राजवट जाऊन दीडेक वर्ष झालं होतं तो हिवाळा मोठा विचित्र निघाला. फेब्रुवारीत आठवडाभर छपरं ठिबकली, पोरांनी टोप्या काढल्या, आणि मग एका रात्रीत पारा उणे बेचाळिसावर गेला. ईस्टरनंतर तिखोननं बागेत जाऊन मधल्या उंच झुडपाची साल नखानं खरवडली. आत तपकिरी होती.

“गेला,” तो म्हणाला. “नवरा गेला. आता ह्या सहाही रिकाम्या राहणार.”

फाइना त्याच्या मागे उभी होती. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर छातीवरचा दगड कुणी उचलल्यासारखं. तिनं घाईघाईनं क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, “देवाची इच्छा.”

त्याच सुमारास वास्साचं लग्न ठरलं. पोरगी एकवीस वर्षांची झाली होती, दवाखान्यात परिचारिका होती. मुलगा तिथल्याच रुग्णवाहिकेचा चालक. ऑक्टोबरात, देवमातेच्या पदराच्या सणानंतरच्या रविवारी, चर्चमध्ये लग्न. ठरवायला सगळे जमले तेव्हा आवगुस्ताची थोरली बहीण तैसियाही आली. तैसिया किराणा दुकानात काउंटरवर बसायची आणि जगातलं सगळं तराजूत घालून बोलायची.

“निघण्याआधी घरात पोरीला तसबिरीनं आशीर्वाद द्यायचा असतो,” ती म्हणाली. “आईनं द्यायचा. आई नाही, तर मावशीनं. रक्ताचं माणूस हवं. मी धरीन तसबीर.”

“कोणती तसबीर?” फाइनानं विचारलं.

“कोणती म्हणजे? ही, कोपऱ्यातली. घरात दुसरी आहे का?”

“ती माझ्या आजीची आहे.”

“मग काय झालं? तसबीर तुझी, हात माझा. देवमाता काय पावती बघते का?”

तिखोन चहात साखर ढवळत राहिला. ढवळून ढवळून साखरेचा जीव गेला. फाइनानं वास्साकडे बघितलं. वास्सा एवढंच म्हणाली, “ते नंतर बघू, मावशी. मला टेबलावर आईच्या ओब्लेपिखाचा दाट, गोड किसेल हवा. सगळ्यांच्या पुढ्यात एकेक पेला. म्हणजे आई बसल्यासारखी वाटेल.”

“यंदा फळ येणार नाही, बाळा,” तिखोन म्हणाला. वास्साचे डोळे भरले. फाइना उठून भांडी घासायला गेली, घासलेलीच.

त्या रात्री तिनं प्रार्थनेत वास्सासाठी मागितलं, तिखोनसाठी मागितलं. आवगुस्ताच्या आत्म्याला शांती मागायची वेळ आली तेव्हा तिला जोराचा खोकला आला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिखोन ट्रक घेऊन गेला होता. फाइना बागेत एकटीच. न्हाणीघरामागचं तिचं झुडूप पहिल्यांदा फुललं होतं. पान फुटायच्या आधी बारीक पिवळट-तपकिरी फुलं, फांदीला चिकटून. तिनं हात जोडले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची लुकेरिया डोकावली. लुकेरिया सत्तरीची, तोंडात चार दात, आणि चारही तिखट.

“मकारोव्हना, अगं काय लपवलंयस तिथे? बघू तरी.”

आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. “ये की. माझी ओब्लेपिखा आहे. नदीवरून आणलेली.”

लुकेरिया कुंपणाच्या फटीतून आली, फांदी वाकवली, बोटानं टिचकी मारली. पिवळा धूर उडाला. म्हातारी खो-खो हसायला लागली.

“अगं बाई! हा तर पोरगा आहे!”

“काय?”

“नर गं, नर! मिशाळ नवरदेव! चार वर्षं फ्रॉक शिवत बसलीस आणि आत निघाला हा!” तिनं डोळे पुसले. “जाळीतून आणलास ना? तिथे मुळांचा गुंता असतो. तू बाईचा पदर धरलास आणि ओढून आणलंस दिराला.”

“मी चिंधी बांधली होती,” फाइना म्हणाली.

“चिंधीला काय कळतंय? बरं, तोंड पाडू नकोस. उलट बरंच झालं की. आवगुस्ताचा नर वाळला म्हणत होता तुझा नवरा. आता हा आहे. वारा ह्याच बाजूनं येतो. तुझ्या ह्या पोरामुळं तिच्या सहाही जणी लगडतील बघ!”

लुकेरिया हसत परत गेली. फाइना तिथेच उलट्या बादलीवर बसली.

म्हणजे असं. चार वर्षं पाणी तिनं घातलं. बर्फात पेंढा तिनं गुंडाळला. आणि फळ धरणार ते आवगुस्ताला. लग्नाच्या टेबलावर पेले लागतील, वास्सा म्हणेल ‘आईची ओब्लेपिखा’, तैसिया तसबीर धरेल, आणि फाइना आत भांडी घासेल. तिच्या स्वतःच्या झाडानंसुद्धा सवतीची चाकरी धरली होती.

न्हाणीघराच्या भिंतीला करवत टांगलेली होती.

तिनं कापायला सुरुवात केली तेव्हा ओठांवर सवयीनं प्रार्थना होती: ‘प्रभू, मज पाप्यावर दया कर.’ करवत पुढे, ‘प्रभू’. करवत मागे, ‘दया कर’. अर्धं खोड कापल्यावर आपण काय म्हणतो आहोत आणि काय करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. तिनं प्रार्थना थांबवली. करवत थांबवली नाही. रानटी जात, काटे बोटभर. कोपरापर्यंत हात रक्तबंबाळ झाले. मग तिनं कापलेल्या फांद्या धरून फरफटत नेल्या, बागेच्या दुसऱ्या टोकाला, जाळायच्या ढिगाकडे. वाट त्या सहा झुडपांमधूनच होती. दुपारचा कोरडा वारा सुटलेला. फांद्या अडकत, ती हिसडे देई. घरी येऊन डोक्याचा काळा रुमाल झटकला तर तो पिवळाधमक.

तिखोन आल्यावर ती म्हणाली, “न्हाणीघरामागे मीही एक लावलं होतं. तेही गारठ्यानं गेलं.”

“तूही लावलं होतंस?” त्यानं चमकून बघितलं. “सांगितलं नाहीस कधी.” तिच्या हातांकडेही बघितलं. पण जास्त काही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात फाइना चर्चला जात राहिली, पण पापाची कबुली द्यायला धर्मगुरूंपुढे गेली नाही आणि प्रसादाच्या पात्रापाशीही गेली नाही. पाय दुखतात म्हणायची. पाय दुखत होतेच, पण देवाच्या दारात पाय कधी आडवे येत नाहीत, आडवं येतं ते मन. मनात वैर ठेवून त्या पात्राला ओठ लावू नयेत, एवढं आजीनं शिकवलेलं तिला सोडवत नव्हतं. आणि वैरही सोडवत नव्हतं.

जुलैत तिला पहिली शंका आली. आवगुस्ताच्या झुडपांच्या फांद्यांवर मोहरीएवढे हिरवे दाणे. तिनं डोळे चोळले. ऑगस्टात, सफरचंदाच्या सणापर्यंत, दाणे पिवळे झाले. महिनाअखेर केशरी. असा बहार कुणी पाहिला नव्हता. फांद्यांना टेकू द्यावे लागले. तिनं खणून रुसवलेलं ते झुडूपसुद्धा भरलं.

“चमत्कार!” तिखोन टोपी काढून उभा राहिला. “नर नाही, काही नाही… फाया, तूच सांग, हा चमत्कार नाही तर काय?”

फाइना वाकून टेकू ठोकायला लागली.

तो गेल्यावर लुकेरिया कुंपणापाशी आली. ह्या वेळी हसत नव्हती. “पोराचं खोड पाहिलं मी. चांगलं ओलं होतं. गारठ्यानं नाही गेला तो.”

फाइनानं पायाखालचा पाला सरकवला.

“आणि नेलास कुठून? ह्यांच्यामधूनच ना, फुललेला, फरफटत?” तिनं मान हलवली. “अगं वेडे, वाऱ्यानं चार दिवस केलं असतं ते तू एका फेरीत केलंस! लग्नात तांदूळ उधळावेत तसा उधळलास धुरळा. गळा कापायला गेलीस आणि हार घालून आलीस.”

“कुणाला सांगू नकोस, लुकेरिया.”

“मी कशाला सांगू? पण आता तुझी गंमत बघ. फळ तुझ्यामुळं आलं, असं म्हणायचं तर कापलं हेही म्हणावं लागेल. आणि कापलं हे लपवायचं तर फळ सगळं तिचं.” म्हातारी निघाली, मग वळली. “मी असते तर गप्प बसले असते. पण माझ्यात तुझ्याएवढी आग नाही.”

महिनाभर फाइना त्या आगीत भाजत राहिली. ‘चमत्कार’ वसाहतभर पसरला. बाया बघायला यायच्या, एकेक दाणा तोडून रुमालात बांधायच्या. “आवगुस्तानं लेकीच्या लग्नासाठी वरून धाडलं,” म्हणायच्या. एकीनं तर झुडपाशी मेणबत्ती लावली. फाइनानं ती विझवली, आग लागेल म्हणून.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तोडणी. तैसिया आली, वास्सा आली, तिखोन सुट्टीवर. ओब्लेपिखा तोडणं म्हणजे तपश्चर्या. देठ नसतं, दाणा फांदीला घट्ट, तारेच्या फाशानं एकेक काढायचा, फुटला की रस कातडीच्या भेगांत शिरतो आणि जाळतो. चौघं चार झुडपांना लागले. बादल्या भरत होत्या. तैसियाचं तोंड हातांपेक्षा जोरात चाललं होतं.

“मी म्हणत नव्हते? आवगुस्ता इथेच आहे. ह्या दाण्यादाण्यात आहे. नाहीतर नरावाचून फळ ऐकलंय कुणी? मी आमच्या दुकानात सांगितलं तर सगळ्या रडल्या. वास्सा, बाळ, आता तू बोलायचं काही उरलंच नाही. आईनं खूण दिली. तिच्या जागी मी तसबीर धरणार. तिचीच इच्छा दिसतेय. काय फाइना, बरोबर ना?”

फाइनानं दाणा तोडला. तो बोटात फुटला.

“फाइना, तुला विचारतेय मी. तुला वाईट वाटायचं काही कारण नाही. तू केलंस, पोरीला जेवू घातलंस, कोण नाही म्हणतं? पण ही तर आईची माया आहे, मेल्यावरही फळं धरणारी. ती दुसरीला कुठून येणार?”

“माझ्या झाडाची आहेत ती फळं,” फाइना म्हणाली.

“काय?”

“माझ्या!” तिनं तारेचा फासा जमिनीवर आपटला. “कसली खूण आणि कसला चमत्कार! न्हाणीघरामागे माझा नर होता. मी नदीवरून आणला. चार वर्षं मी वाढवला. तो फुलला तेव्हा तुमची आवगुस्ता नाही आली धुरळा उडवायला. माझ्या झाडानं धरवलीत ही फळं, ह्यातला प्रत्येक दाणा माझ्याकडून आलाय!”

सगळे थांबले. तिखोन हळूच म्हणाला, “फाया, तो तर गारठ्यानं गेला होता.”

आता मागे वळायला जागा नव्हती. उपास, धर्मगुरू, पहाटेच्या प्रार्थना ह्यांना जे उन्हाळाभर जमलं नव्हतं ते मत्सरानं एका दमात केलं.

“नाही गेला. मी कापला. फुललेला असताना कापला. ह्या सगळ्या रिकाम्या राहाव्यात म्हणून.” तिनं झुडपांमधल्या वाटेकडे बोट केलं. “नेताना इथून ओढत नेला, तेव्हा सांडलं. नाहीतर ह्या बादल्या आज कोरड्या असत्या. मला हव्या होत्या कोरड्या. घ्या, आता बोला.”

तैसियानं छातीवर क्रूस काढला. “देवा रे! पोरीच्या लग्नाचं फळ जाळायला निघाली होती! ऐकलंस तिखोन? आणि हिच्या घरात तसबीर!”

तिखोननं टोपी डोळ्यांवर ओढली. बादली खाली ठेवून तो न्हाणीघरामागे गेला, खोडाचा बुंधा बघायला. बराच वेळ आला नाही.

वास्सा पांढरीफटक पडली होती. “मला आई टेबलावर हवी होती, एवढंच म्हणाले होते मी,” ती म्हणाली. “तुला ते माहीत होतं, फाया काकू.”

“माहीत होतं.”

“तरी कापलंस?”

“म्हणून कापलं.” फाइनाला रडू येत नव्हतं. “तू आजारी पडलीस की मी रात्र जागायचे आणि सकाळी तू म्हणायचीस, आई असती तर बरं वाटलं असतं. पहिल्या दिवशी वेणी घातली तर आईचा भांग. अकरा वर्षं, वास्सा. मेलेल्या बाईला काही करावं लागत नाही आणि तिचं कधी काही चुकत नाही. मला राग यायचा. अजून येतो. आत्ता ह्या क्षणीही येतोय.”

वास्सा वळली आणि तोडणीला लागली. संध्याकाळी बसमध्ये चौघं चार बाकांवर बसले.

पुढचे पंधरा दिवस घरात भांड्यांचेच आवाज होते. वास्सा कामावरून यायची, खायची, झोपायची. तिखोननं एकदाच विषय काढला. “मला दाखवलं असतंस तर कळीवरून सांगितलं असतं. दोघांनी मिळून मधे लावला असता.” फाइना म्हणाली, “आणि म्हणाला असतास, आवगुस्ताचा उंच होता.” तिखोननं विचार केला आणि कबूल केलं, “म्हणालो असतो.” मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. “मी काय करू, फाया? मला आठवते ती.” तिला ठाऊक होतं. तेच तर होतं.

फाइना धर्मगुरूंकडे गेली आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, जिचा मत्सर केलास तिच्यासाठी चाळीस दिवस प्रार्थना कर. पहिल्या दिवशी पुन्हा खोकला आला. दुसऱ्या दिवशी कमी आला. किसेल तिनंच शिजवला, लग्नाच्या आदल्या दिवशी, तीन पातेली. तैसियानं चव घेतली आणि काही न बोलता झाकण ठेवलं.

लग्नाच्या सकाळी वास्सा पांढऱ्या पोशाखात खोलीतून बाहेर आली. जमिनीवर भरतकामाचा टॉवेल अंथरला होता. नवरामुलगा आणि ती गुडघे टेकणार होते. तैसिया कोपऱ्यातली तसबीर काढायला पुढे झाली, बाह्या सावरून.

“मावशी, राहू दे,” वास्सा म्हणाली. “तसबीर फाया काकू धरेल.”

“काय? तिनं काय केलं ते विसरलीस?”

“विसरले नाही. रागही गेलेला नाही.” वास्सानं फाइनाकडे सरळ बघितलं. “पण माझ्यासाठी एवढं जळलेलं दुसरं कुणी मला माहीत नाही. फक्त आशीर्वाद देताना आईचं नावही घ्यायचं, काकू. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. तेवढं जमत असेल तर धर.”

फाइनानं हात ॲप्रनला पुसले, मग लक्षात आलं की ॲप्रन नाहीच, नवा पोशाख आहे. तिनं तसबीर उतरवली. ती तिच्या आठवणीपेक्षा जड होती. दोघं गुडघ्यांवर बसली. फाइनानं त्यांच्या डोक्यांवर तसबिरीनं तीनदा क्रूस काढला.

“देवमाता तुम्हांला सांभाळो,” ती म्हणाली. तैसिया टक लावून बघत होती. “हा आशीर्वाद फाइनाकडून,” ती म्हणाली, आणि मग, अगदी स्पष्ट, “आणि आवगुस्ताकडून.”

फाइनानं स्वतःचं नाव आधी घेतल्याचं वास्साच्या लक्षात आलं होतं. तरीही वाकून तिनं तसबिरीला ओठ टेकवले.